देवचाराच्या वहाणा

वयलावाडा, डिचोली
१८ जानेवारी १९८७

चि. गोकुळ,

याआधी तुला पत्र कधी लिहिले ते आठवत नाही. बहुधा आईच्या वर्षश्राद्धाचे. तेव्हा आपण बोलत होतो, म्हणून पत्रात लिहायला फारसे नसायचे. आता बोलत नाही, तर लिहायचे पुष्कळ साठले आहे. पण आज ते लिहिणार नाही. आज काम आहे.

कंपनीने मला परत बोलावले. निवृत्त माणसाला बोलावतात तेव्हा एकतर त्याची किंमत कळलेली असते किंवा दुसरा कोणी मिळालेला नसतो. मी चौकशी केली नाही. जनेलाशी, उजेडाला, मेज ओढून दिले, पेन्सिली दिल्या, बसलो.

आपल्या खाणीतले चांगले जड, निळसर खनिज संपत आले. उरले ते चिकणमातीत कालवलेले. तसेच बार्जेत भरून पाठवले तर बंदरावर ते कसे नाकारतात हे मी तुला काय सांगावे, तू बंदरातलाच. म्हणून आता धुण्याचा प्लांट. खनिज चाळायचे, झोताने धुवायचे, बारीक वेगळे काढायचे आणि उरलेले गढूळ पाणी एका अवाढव्य गोल टाकीत सोडायचे. तिला थिकनर म्हणतात. तिच्यात एक दांडा इतका सावकाश फिरतो की फिरतो आहे हे कळत नाही. गाळ तळाशी बसतो, वरचे नितळ पाणी पुन्हा धुण्याला येते. मला या टाकीचा लळा लागला आहे. घाई नाही, आवाज नाही. साऱ्या प्लांटमध्ये हेच एक यंत्र माझ्या वयाचे.

यंत्रे कोणती ते मुंबईच्या सल्लागारांनी ठरवले. कुठले यंत्र डोंगराच्या कुठल्या पायरीवर बसेल, उतार कसा धरायचा, पाणी पंपाशिवाय आपल्या पायांनी कुठून कुठे जाईल, ही मांडणी माझी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नकाशांवर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघा गिरवल्या. ज्याच्या कोपऱ्यात माझे नाव येईल असा हा पहिला नकाशा. म्हातारपणी पाळणा हलावा तसे वाटते रे.

थिकनरच्या मापाचे एक वर्तुळ मी कागदातून कापून घेतले आणि डोंगराच्या नकाशावर सरकवत बसलो. तुझी वहिनी डबा घेऊन आली होती. म्हणाली, "तव्यार पोळो फिरयतात तशें कितें चल्लां?" पूर्वेला कडा तुटतो, पश्चिमेला टाकाऊ मातीचा जुना डंप, खाली ओहोळ. वर्तुळ फिरून फिरून एकाच जागी सपाट बसते. देवचाराच्या माळावर. बरोबर दगडावर.

तर अडचण ही. अडचण माझी नाही, कंपनीची. पण धाकू मुकादम आणि त्याची दोडामार्गची माणसे कुदळ लावायला तयार नाहीत. आपल्या वाड्यावरचीही नाहीत. देवचार गावाचा राखणदार, त्याचा दगड हलवायचा तर आधी त्याच्यापुढे उभे राहून गाऱ्हाणे घातले पाहिजे आणि ते घालण्याचा मान आपल्या घराचा. कंपनीच्या साहेबांना वाटते मीच मोठा भाऊ, मीच घालीन. त्यांना मी अजून सांगितलेले नाही की बाबांनी गाऱ्हाणे तुला शिकवले, मला नाही. मी तेव्हा डिचोलीला मास्तरांच्या घरी राहून कविता पाठ करत होतो. मास्तर छडीच्या टोकाने मेजावर ताल धरत आणि आम्ही पोरे डुलत असू. त्या साऱ्या कविता अजून तोंडात आहेत. गाऱ्हाणे नाही.

तू ते लिहून पाठव. मी वाचीन. यायची तसदी नको. पणजीचा पूल पडल्यापासून फेरीबोटीत केवढी गर्दी असते ते ऐकतो.

पावसाआधी पाया खणला गेला नाही तर कंपनी हा प्लांट दुसऱ्या खाणीवर नेणार आणि आपली खाण बंद होणार, असे बोलले जाते. आपल्या वाड्यावरची सगळी पोरे खनिजाच्या टिपर ट्रकांवर आहेत. म्हणून लिहिले.

सौ. सत्यवतीला आशीर्वाद.

रघुनाथ

*

वयलावाडा
१२ फेब्रुवारी १९८७

चि. गोकुळ,

तुझे कार्ड मिळाले. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ. "गाराणें बरोवन दिवपाचें न्हय, तें तोंडांत येवंक जाय." लिहून द्यायचे नाही, तोंडात यायला हवे म्हणे. खाली सही. 'दादा' नाही, नमस्कार नाही. पोस्टमननेही वाचले असावे. माझ्याकडे देताना हसत होता.

विधानसभेत गेल्या आठवड्यात तुमच्या बाजूने राजभाषेचा जो कायदा झाला त्यावर मी लिहिणार नाही. इथे काही घरांत पेढे वाटले, काही घरांत दिवा लागला नाही. तुझ्याकडे काय झाले ते मी विचारत नाही. मी दमलो आहे. आमच्या बाजूच्या सभांना जाऊन घसा बसला तो बसलाच. चवथीच्या दिवशी आरती संपल्यासंपल्या मी भाषेवरून तुला जे बोललो ते साऱ्या घराने ऐकले, आणि तू जे विचारलेस तेही. "आवयकडेन खंयचे भाशेन उलयतालो रे दादा?" आईशी मी कुठली भाषा बोलायचो, एवढे विचारून तू प्रसादही न घेता उतरलास. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते असे समजू नकोस. उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होते, म्हणून मी दिले नाही.

असो. मुद्द्याचे लिहितो. तू पाठवत नाहीस म्हटल्यावर मी स्वतःच गाऱ्हाणे रचले. भुजंगप्रयातात. चार दिवस त्यात गेले, नकाशा बाजूला राहिला. सुरुवात अशी:

नमस्कार माझा तुला रानराया
तुझ्या पावलांची हवी आज छाया

मला ते बरे वाटले होते. तुझ्या वहिनीला म्हणून दाखवले. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "बरें आसा. पूण देवचार शाळेंत गेल्लो काय?"

तरी सोमवारी नारळ घेऊन माळावर उभा राहिलो. साहेब गाडीतून उतरून बूट काढून उभे. माणसे गोळा झाली. मी डोळे मिटून म्हणू लागलो. आवाज लागला होता, छंद कुठे अडला नाही, सगळी कडवी झाली. डोळे उघडले तर सगळे एकमेकांकडे बघताहेत.

धाकू डोके खाजवत पुढे आला. "बाबानू, रागावू नकात. पण ह्या गाराणा न्हय, ह्या पाठांतर झाला. 'व्हय म्हाराजा' आमी खंय म्हणाचा? तुमी श्वासच घेऊक नाय."

मागून कोणीतरी फिस्सकन हसले. साहेबांनी बूट घातले.

गोकुळ, एवढ्या वर्षांत मला कोणी असे सांगितले नव्हते की माझ्या कवितेत दुसऱ्याला बोलायला जागा नाही.

नारळ तसाच घरी आणला. त्याची चटणी करायला वहिनी तयार नाही. देव्हाऱ्यापाशी ठेवला आहे. कुदळी शेडमध्ये पडल्या आहेत. मी वर्तुळ अजून सरकवून बघतो. ते आपले जाऊन तिथेच बसते.

तू ये. गर्दी असली तरी ये.

रघुनाथ

*

वयलावाडा
९ मार्च १९८७

गोकुळ,

तू येऊन गेलास त्याला आता आठवडा होईल. तुला पोचल्याचे पत्र पाठवायची सवय नाही हे माहीत आहे, तरी पोस्टमनकडे बघतो.

कदंबाची बस थांबली आणि आधी तुझा डावा पाय उतरला, मग हाताने धरून उतरवावा तसा उजवा. बंदरावर त्या पायावर साखळी पडली तेव्हापासून तो घसटतोच आहे. मी बालकांवात, दारापुढच्या बैठकीवर, होतो. खाली यायला उठलो तर माझा डावा गुडघा कुरकुरला, आणि मी पायऱ्या उतरेपर्यंत तू सरळ माळाची वाट धरली होतीस. काखेत कागदात गुंडाळलेल्या वहाणा. त्या आणायच्या असतात हेही मला आठवले नव्हते. एरवी वर्षाला एकदा, आणि जागा बदलली की लगेच, राखणदाराला नव्या वहाणा द्यायच्या, त्या घालून तो नव्या जागेवरून गावाची फेरी करतो. तळवे झिजले की समजायचे, जागा मानवली. बाबा दरवर्षी आपल्याला उचलून दाखवायचे ना रे, झिजलेले तळवे? मी एकदा विचारले, देवचार दिसत नाही तर वहाण कशी झिजते? बाबा म्हणाले, तुला वारा तरी दिसतो काय?

तू मला सहा महिन्यांनी पहिला शब्द बोललास तो हा. "नाल्लाक हात लाय, दादा."

मी नारळाला हात लावला. तुझा हात वर, माझा खाली.

मग तू सुरू केलेस. "बारा वाटांच्या, बारा व्हाळांच्या राखण्या म्हाराजा," आणि थांबलास, आणि सगळा माळ म्हणाला, "व्हय म्हाराजा." "तुजे जाग्यार आज यंत्र येता म्हाराजा." "व्हय म्हाराजा." "तुका दोन पावलां कुशीक करतात, राग करूं नाका म्हाराजा." साहेबसुद्धा म्हणाले, त्यांचा उच्चार कसाही असो. तुझ्या तोंडून बाबांचा आवाज येत होता, आणि प्रत्येक थांब्यावर तुझा हात माझ्या हातावर किंचित दाबला जात होता. बाबा असेच दाबायचे काय? मला माहीत नाही. माझा हात कधी तिथे नव्हता.

मग तू म्हणालास, "घरांत भावांभावांमदीं कितें उणें-अदीक जालां जाल्यार तें पदरांत घे म्हाराजा."

हे गाऱ्हाण्यात असते की तू घातलेस? मला विचारायचे आहे. कारण सगळे व्हय म्हाराजा म्हणाले तेव्हा मी म्हटले नाही. मी मागाहून एकटाच म्हणालो, आणि धाकूने वळून पाहिले.

दगड पहारी लावून हलवला, माळाच्या काठावर काजूखाली बसवला, वहाणा पुढ्यात ठेवल्या. तू पाणी मागितलेस. तुझ्या वहिनीने तांब्या आणला, तो तू तिथेच उभ्याने प्यालास आणि परतीची बस धरलीस. तुझ्यासाठी तिने मणगणे, तुझी आवडती खीर, केले होते. "घरा येवंक नाकां म्हणून सांगलां काय तुमी ताका?" असे ती मला विचारते. मी 'येऊ नको' म्हटले नाही. 'ये' असेही म्हटले नाही, हे ती रोज मला जेवताना ऐकवते.

खणायला सुरुवात झाली आहे. लाल मातीवर चुन्याने माझे वर्तुळ आखले. कागदावर ते पोळ्याएवढे होते. जमिनीवर त्याच्या मधोमध उभे राहिलो तर काठावरचा माणूस ओळखता येत नाही.

वाट पाहतो. कशाची ते तू समज.

रघुनाथ

*

वयलावाडा
२६ एप्रिल १९८७

गोकुळ,

हे पत्र वाचून फाडून टाक. सत्यवतीला सांगितलेस तरी चालेल, ती बोलणार नाही. बंदरावर मात्र नको.

तू वहाणा दिल्यास त्या झिजेनात.

धाकू पाडव्याला काजूखाली नारळ ठेवायला गेला. वहाण उचलून उलटी केली. तळव्यावर कारागिराने मारलेली रेघही तशीच. त्याने ती दुसऱ्याला दाखवली. दुसऱ्याने तिसऱ्याला. दुपारपर्यंत वाड्यावर झाले, देवचाराला जागा मानवली नाही, तो बसून आहे. दुसऱ्या दिवशी निम्मी माणसे आली. एकाचा पाय घसरून घोटा मुरगळला तर म्हणाले, बघा. साहेब मला म्हणतात, "तुमचं गाऱ्हाणं झालं ना एकदा?" त्यांना काय सांगू? पाणी निवळवून पुन्हा वापरता येते, गाऱ्हाणे नाही.

खड्डा अर्धा झाला आहे. अर्धा थिकनर म्हणजे काहीच नाही. तळे म्हणावे तर पाणी नाही, माळ म्हणावे तर गवत नाही.

तेव्हा मी असे केले. दुपारी जेवून सगळे गाव झोपते. शेडमधली माणसे झाडाखाली आडवी होतात, पाव विकणारा पोदेरसुद्धा त्या वेळी भोंगा वाजवत नाही. मी टोपी घालून काजूखाली जातो, माझ्या चपला तिथे काढतो, त्याच्या वहाणा घालतो आणि चालतो.

हसू नकोस. पहिल्या दिवशी मीच हसलो. दगडापुढे उभा राहून म्हटले, म्हाराजा, तुझी नक्कल करत नाही, तुझे काम करतो. व्हय म्हणायला कोणी नव्हते.

तू फार मोठ्या आणल्यास रे. बाबांच्या मापाने आणल्यास ना? टाच मागे रिकामी राहते. पट्टा अंगठ्याला कापतो. माळाला वळसा घालून डंपाच्या कडेने ओहोळावर उतरायचे, कुळागराच्या, पोफळीच्या बागेच्या, दगडी गडग्याने वर यायचे. बाबा जी हद्द दाखवायचे तीच. काही ठिकाणी हद्द आता उरली नाही. जिथे आपण गुरे सोडून करवंदे खात होतो, मी तुला कविता शिकवायचो आणि तू मुद्दाम चुकीची म्हणायचास, तिथे आता नुसता खोल लाल खड्डा. त्याच्या काठाने चालताना वाटते, देवचार इथून कसा जात असेल? उडून? की माझ्यासारखाच थांबून, वळसा घालून, पाय दुखवून?

आणि गोकुळ, हा सगळा नकाशा माझा. पाणी कुठून उतरेल, गाळ कुठे बसेल, सगळे मी आखले. मला त्याचा अभिमान आहे आणि त्याच्यातून चालताना मला उन्हात एकही ओळ आठवत नाही. शाळेपासून पाठ असलेल्या कविता. सुरू करतो आणि दुसऱ्या चरणाला धाप लागते. फक्त तुझे ते 'बारा वाटांच्या, बारा व्हाळांच्या' आठवते. त्याच्या तालावर चालता येते. थांबे आहेत ना त्यात.

वहिनीला कळले. माझ्या पायांची माती तिने पाहिली, मग अंगठा पाहिला. खोबरेल तेल आणून ठेवले आणि म्हणाली, "देवचाराक सांगा, न्हावन आयल्याबगर मेजार बसूंक मेळचें ना."

माणसे परत आली आहेत.

र.

*

वयलावाडा
३१ मे १९८७

गोकुळ,

काल आपल्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला. तुमच्या वास्कोला बंदरावर जहाजांनी भोंगे वाजवले असतील. इथे साहेबांनी सुटी दिली, टिपरवर झेंडे लावून पोरे डिचोलीला गेली, वाडा रिकामा झाला. भाषेवरून भांडलेली माणसेही एकाच टिपरमध्ये चढलेली पाहिली. मला बोलावले होते. मी म्हटले, गुडघा.

गुडघा हे खरेच होते. पण माळावर गेलो. वाटले, आज सगळे नाचताहेत, राखण कोण करणार? सवय झाली आहे आता. थिकनरची भिंत उभी राहिली आहे, तिच्या सावलीतून गेलो, डंपाकडून ओहोळावर उतरलो. वर चढताना डावा पाय उचलेना. कसाबसा ओढत काजूपर्यंत आलो आणि दगडाच्या शेजारी बसलो. देवाच्या शेजारी, त्याच्याच वहाणा पायांत घालून. काढायलाही वाकता येईना.

आणि समोरून धाकू आला. तो डिचोलीला गेला नव्हता. गावी जायची बस चुकली म्हणाला.

त्याने माझ्या पायांकडे पाहिले. रचून ठेवलेले असे काही नव्हते, छंदातही नाही आणि बिनछंदाचेही नाही. तो उकिडवा बसला. माझा पाय मांडीवर घेतला, वहाण काढली, मग दुसरी. दोन्ही उलट्या करून उन्हात धरल्या.

"बाबानू," म्हणाला, "डावी व्हाण मोप झिजली. उजवी तशीच हा. आमच्या देवचाराचा डावा ढोपार दुखता, असा आमी महिनोभर बोलतंव."

"सगळे?"

"सगळे. साहेब सोडून."

"आणि तरी कामावर येता?"

तो विडी पेटवत होता. काडी विझवून टाकली. मग म्हणाला, "चालणारो कोणतरी असलो म्हणजे झाला."

त्याने मला धरून घरी आणले. वहाणा परत दगडापुढे ठेवून आला, नीट जोडीने. डॉक्टर म्हणतात, पावसाळाभर माळ चढायचा नाही. तुझी वहिनी म्हणते, डॉक्टरने सांगितले नसते तर मी सांगितले असते. आता दुपारी मी बालकांवात कदेल टाकून बसतो आणि माळाकडे बघतो. तिथे कोणी चालत नाही.

प्लांट माझ्याशिवाय उभा राहील. नकाशाच्या कोपऱ्यात नाव लागले आहे, ते काही पुसत नाहीत. पण धाकूची माणसे आता पुन्हा तळवे बघू लागतील. आणि मला, खरे सांगतो, त्यांची तेवढी काळजी नाही. मला चुकल्यासारखे होते ते दुपारच्या फेरीचे. ती तुझ्याबरोबर घालायची होती असे रोज वाटायचे. तुझ्या पत्त्यावर पत्र पाठवण्याहून ते सोपे होते.

तू चवथीला विचारलेस त्याचे उत्तर लिहितो. आवयकडेन आमी दोगूय तिचेच भाशेन उलयताले. तिच्यापाशी माझी एकही कविता चालली नाही. लिहिताना मला शाळेचीच भाषा येते, ती आता या वयात सुटणार नाही. तू ती चालवून घे. मी तुझी चालवून घेतो.

तू ये. या वेळी सरळ घरी. मी 'ये' म्हटले आहे, वहिनी साक्षीला आहे, ती वाचते आहे मागून. बस थांबली की हळू उतर. मणगणे होईल. मग जेवून, गाव झोपले की, माळावर जा आणि बाबांनी दाखवलेली हद्द धरून एक फेरी घाल. तुझा उजवा पाय घसटतो त्याची लाज धरू नकोस.

उजवी वहाण अजून नवीच आहे.

तुझा,
दादा